नुंग्यांची जोडी

अकरा दिवस मी त्या नराच्या मागावर होतो आणि त्या अकरा दिवसांत मला एकदाही धड जेवण गेलं नाही. बायको म्हणायची, जरा बूड टेकवा. बूड टेकवलं की पाय हलायला लागायचे. पाय दाबून धरले की बोटं चटईच्या कडा उसवायला लागायची. माझा स्वभावच तसा आहे. आई म्हणायची, या पोराच्या अंगात मुंग्या आहेत. त्या अकरा दिवसांत मुंग्यांनी वारूळ बांधलं.

कारण सांगतो. आमच्या बेटावरच्या म्वांबेनी गावच्या रानात नुंग्याचा एकच नर उरला होता, आणि शेळ्यांच्या जुन्या वाडग्यात माझ्या सासूने सांभाळलेली एकच मादी होती. दोघांच्या मधे नवा डांबरी रस्ता. नर रस्त्याच्या पलीकडे, जिथे दर रविवारी दुसऱ्या गावांचे शिकारी कुत्री घेऊन येतात. त्याला जिवंत पकडायचं, अलीकडे आणायचं आणि मादीजवळ सोडायचं, एवढंच काम. 'एवढंच' म्हणताना माझी जीभ आताही अडखळते.

नुंगा म्हणजे आमच्या रानातलं हरीण. रंगाने तांबडा, उंचीला माझ्या गुडघ्याएवढा. कपाळावर लाल केसांचा तुरा, त्यात बोटभर शिंगं लपलेली. पायांवर पीठ उडाल्यासारखे पांढरे ठिपके, आणि ढुंगणावर पांढरा पट्टा. पळताना तो पट्टा शेवटी दिसतो आणि मग काहीच दिसत नाही. आमच्या रानात माती थोडी आणि प्रवाळाचा खडक फार, तोही असा धारदार की टायरच्या चपला दोन महिन्यांत फाटतात. तिथे हा प्राणी खुराचा आवाज न करता हिंडतो. पाणी जवळजवळ पीतच नाही, दवावर आणि गळलेल्या फुलांवर भागवतो. कान असे की शंभर पावलांवर मी आवंढा गिळला तरी मान वर करतो.

लहानपणी आमच्या गावचे शिकारी एका दिवसात पाच-पाच नुंगे आणायचे. खोटं कशाला बोलू, मोठेपणी सर्वांत जास्त मीच मारले. सात वर्षांपूर्वी गावाने रान बंद केलं आणि राखणदार म्हणून मला नेमलं, कारण नुंगा कुठे असतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. माझा मेहुणा आमे तेव्हा पंचांसमोर म्हणाला, "बरं झालं. आता नुंगा गायब झाला तर कुणाला विचारायचं ते तरी माहीत आहे." सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं.

आमेची आई बी सिहाबा; आमच्याकडे बाईला मानाने 'बी' म्हणतात. ती माझी सख्खी आत्या, आणि तिची मुलगी केल्यापासून सासूही. चौदा महिन्यांपूर्वी ती बायकांबरोबर सरपणाला गेली असताना खडकाच्या फटीत एक नुंगा मादी पाय अडकून पडलेली सापडली. आत्याने खांद्यावरचं कापड काढून आधी तिचे डोळे झाकले, मग पाय सोडवला आणि तिला छातीशी धरून गावात आणलं. वाटेत एकाही बाईला तोंड उघडू दिलं नाही. आठ बायका दोन मैल गप्प चालल्या, याचंच गावाला मादीपेक्षा जास्त नवल वाटलं.

रानाच्या मधोमध गावाने पूर्वी शेळ्यांसाठी बांधलेलं दगडी वाडगं आहे, चांगलं तीन एकरांचं, आत दाट झुडपं. मादी तिथे ठेवली. आत्या रोज सकाळी जाऊन आबनूसाची गळलेली फुलं, जास्वंदीचा पाला टाकून यायची. मादीने चौदा महिन्यांत तिला कधी जवळ येऊ दिलं नाही. आत्या निघून गेली की खायची. कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "मी तिची आई नाही, स्वयंपाकीण आहे. तिला माझं तोंड बघायचं नसतं."

पण मादी काही सुखात नव्हती. नुंगे जोडीने राहतात. एक नर, एक मादी, ठरलेला रानाचा तुकडा, आणि जन्मभर तिथेच. ही एकटी. सकाळ-संध्याकाळ ती भिंतीच्या कडेने चालायची. चालून चालून तिने वीतभर रुंदीची वाट पाडली होती. दुसऱ्या कुणाला कळो न कळो, मला कळायचं. मीही तसाच चालतो.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या इंजेक्शन घेऊन शनिवारी पहाटे यायच्या होत्या. नुंगा जाळ्यात सापडला तर नुसत्या भीतीने मरू शकतो. कधी जागच्या जागी, कधी दोन दिवसांनी पाय लुळे पडून. इंजेक्शन दिलं की गुंगतो आणि वाचतो. बाई म्हणाल्या, गाडी बिघडली, सोमवारी नक्की येते.

मी तेव्हा आत्याच्या अंगणात होतो. आत्या कसावा सोलत होती, आणि आमच्या शिकाऱ्यांचा म्होरक्या सिमाईबाबा भिंतीला टेकून बसला होता. बाबा सत्तरीचा, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी वारा कुठून येतोय ते नाकाने सांगणारा. मी फोन खिशात टाकला आणि उभा राहिलो.

"उद्याच करायचं," मी म्हणालो.

"आधी खाली बस," आत्या म्हणाली.

"सोमवारपर्यंत थांबलो तर मधे रविवार येतो, आत्या."

"मागच्या आठवड्यातही रविवार आला होता. नर आहे ना जिवंत?"

"मागच्या रविवारी कुत्री त्याच्या खडकापासून वीस पावलांवर होती. मी ठसे बघितलेत."

"आणि तू डॉक्टरणीवाचून त्याला धरणार."

"तू नाही धरलीस?"

"मी धरली नाही. ती अडकली होती, मी उचलली. आणि मला कुठे जायची घाई नव्हती." तिने सोललेला कसावा पाण्यात टाकला. "तुझं काय आहे वुआई, चहा चुलीवर असतानाच तुझा कप तोंडाला असतो. तुझ्या लग्नातही तू काझीच्या आधी 'कबूल' म्हणालास."

सिमाईबाबा हसला, मग गंभीर झाला. "वारा उद्या ईशान्येचा आहे, जाळं लावायला चांगला. सोमवारचं मला सांगता येत नाही. पण मन म्हणतं, थांबावं."

"बाबा, मन म्हणतं की तुम्ही म्हणता?"

"रान तुझ्या राखणीत आहे, बाळा. तू म्हणशील तसं."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी तेव्हा बसलो असतो, एक पेला पाणी प्यालो असतो, तर कदाचित वेगळं बोललो असतो. रविवारी दिवसभर मी एकटा जाऊन त्या खडकावर बसू शकलो असतो, कुत्री हाकलू शकलो असतो. हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. सुचलं ते दुसऱ्या दिवशी, उशिरा. मला फक्त कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं, आणि ते तर आमच्या अंगणात नव्हतंच.

"उद्या," मी म्हणालो आणि जाळी काढायला निघालो.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही बारा जण रस्ता ओलांडून गोरखचिंचेपाशी जमलो. नुंगा दिवसा चरणारा. पहाटेपासून अकरापर्यंत हिंडतो, मग खडकाच्या कपारीत बसून रवंथ करतो. म्हणजे आमच्या हातात पाच तास होते. मी झाडाच्या बुंध्याशी टोपली ठेवली आणि म्हणालो, सगळ्यांनी सुऱ्या यात टाका.

कुणी हललं नाही. आमच्याकडे शिकारीला निघालेला माणूस लुंगीशिवाय एक वेळ जाईल, सुरीशिवाय नाही. जाळ्यातलं जनावर नुसतं मेलं तर ते हराम, कुत्र्यापुढे टाकायचं. श्वास जायच्या आत त्याचं तोंड उत्तरेला, काबाकडे वळवून, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरली पाहिजे. बाप मुलाला आधी हे शिकवतो आणि मग जाळं बांधायला. जाळं हललं की हात कमरेला जातो, तो डोक्याला विचारायला थांबत नाही. म्हणूनच मला सुऱ्या नको होत्या.

शेवटी सिमाईबाबाने आपली सुरी काढून टोपलीत टाकली, मग एकेकाने टाकल्या. अकरा झाल्या. आमेने मोजल्या.

"बारावी?" तो म्हणाला.

"एक लागेल. जाळं पायात गुंतलं तर कापायला."

"मग माझ्याकडे दे. मी कापतो."

"तू दोरी कापेपर्यंत सोमवार उजाडेल. डॉक्टरीणबाईच येतील."

आमेने खांदे उडवले. सुरी माझ्या कमरेलाच राहिली.

सिमाईबाबाने नारळाच्या करवंटीत ऊद पेटवला आणि दुवा मागायला हात वर केले. चाळीस वर्षं त्याची दुवा एकच: या अल्ला, आमचं जाळं भरू दे, सुरी धारदार राहू दे, रक्त सहज वाहू दे. सुरुवात त्याने तशीच केली आणि मधेच अडकला. आम्ही हात पसरून उभे होतो. बाबाला पुढचे शब्दच सापडेनात. थोड्या वेळाने तो म्हणाला, "या अल्ला, आज काय मागायचं ते तुलाच ठाऊक," आणि तोंडावरून हात फिरवला.

जाळी लावायला मला जागा शोधावी लागली नाही, अकरा दिवसांत त्याची जागा मला पाठ झाली होती. नुंगा घाबरला की आधी दगड होतो, अजिबात हलत नाही, मग एकदम सुटतो, वाकडातिकडा पळतो, पण लांब जात नाही. गोल फिरून आपल्याच जागेवर येतो. त्याला दुसरी जागा ठाऊक नसते. म्हणून जाळं त्याच्या पुढे नाही, मागे लावायचं, जिथून तो उठला तिथेच. आठ जण काठ्या घेऊन पसरले. त्या दिवशी हाळी नाही, आरोळी नाही, फक्त खडकावर काठीची टकटक. मी, आमे, सिमाईबाबा आणि आणखी एक जण जाळ्यापाशी झुडपात दबा धरून बसलो.

नर कुठे आहे हे माकडांनी सांगितलं. माकडं वर उंबरावर बसून खात होती, अर्धं खाऊन अर्धं खाली टाकत होती, आणि खाली तो होता. माकडांच्या मागे मागे फिरायचं आणि आयतं पडलेलं उचलायचं, ही नुंग्याची रीत. मला आधी तुरा दिसला, मग कान. तो एक उंबर तोंडात घोळवत होता. देखणा होता. माझ्या पायाला गोळा आला, मी पाय हलवला नाही. देवाशपथ, अकरा दिवसांत पहिल्यांदाच मी स्वस्थ बसलो होतो.

काठी वाजली. तो दगड झाला. दुसरी काठी वाजली तसा तो सुटला, पांढरा पट्टा दोनदा चमकला, मग काही नाही. आम्ही श्वास धरून बसलो. मी मनात आकडे म्हणत होतो आणि साठाच्या पुढे माझं गणित चुकलं. मग डावीकडून पाचोळा उडाला आणि तो सरळ जाळ्यात आला.

आम्ही झेपावलो. आमेने धड धरलं, मी डोकं. आत्याने केलं होतं तसं मी डाव्या तळहाताने त्याचे दोन्ही डोळे झाकले. त्याचं हृदय आमच्या हातांखाली असं धावत होतं की ठोके वेगळे मोजता येईनात. मागचा पाय जाळ्यात पिळला गेला होता, दोरी कातडीत रुतत होती. मी उजव्या हाताने सुरी काढली आणि एक धागा कापला. दुसरा कापला. एवढं सगळं बरोबर झालं होतं.

मग तो ढिला पडला. मान माझ्या हातात गळून आली, जीभ बाहेर, फासळ्या थांबल्या. मी कान लावला, श्वास ऐकू येईना.

"चालला," सिमाईबाबा हलकेच म्हणाला. "वुआई, चालला हा."

त्यानंतर मी काय विचार केला ते मला खूप जणांनी विचारलं. काहीच केला नाही. माझ्या डाव्या हाताने त्याचं डोकं उत्तरेला वळवलं. माझ्या तोंडाने बिस्मिल्ला म्हटलं. माझ्या उजव्या हाताने सुरी फिरवली, एकदाच, नीट, वडिलांनी शिकवली तशी. हराम होऊ नये म्हणून. जणू आम्ही त्याला खायलाच आणायला गेलो होतो.

रक्त उसळलं. ते माझ्या छातीवर आलं, आमेच्या तोंडावर आलं. नुंग्याने चारही पाय झाडले आणि आमेला मागे ढकललं. मी आयुष्यात शेकडो जनावरं कापली आहेत. मरत आलेल्याचं रक्त ओघळतं. हे कारंज्यासारखं आलं. त्याच्या अंगात अजून सगळा जीव होता. तो भीतीने नुसता पडून राहिला होता, झुडपात कान पाडून पडतो तसा. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि माझा हात अजून त्याच्या डोळ्यांवर होता.

काठीवाले एकेक करून आले आणि उभे राहिले. वर माकडं परत खायला लागली होती.

"मी म्हणालो चालला," सिमाईबाबा म्हणाला. "मला धड दिसत नाही, तरी म्हणालो."

"तुम्ही नुसतं म्हणालात, बाबा," मी म्हणालो.

आमेने सदऱ्याने तोंड पुसलं. तो काहीतरी बोचरं बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने माझ्या हातातून सुरी काढून घेतली, पाल्याला पुसली आणि जाऊन टोपलीत टाकली.

मांस टाकता येत नव्हतं. हलाल झालेलं जनावर टाकणं हे पाप आहे. सिमाईबाबाने खाली बसून वाटे केले, जन्मभर करत आला तसे: मांड जाळ्याच्या मालकाला, पाठ आणि कातडं हाकणाऱ्यांना, मान आणि काळीज सुरी फिरवणाऱ्याला. प्रत्येकाला मुठीएवढं आलं असेल. आमेने माझा वाटा केळीच्या पानात बांधला आणि पुढे केला.

"नको," मी म्हणालो.

"घे, वुआई. तुझाच आहे."

"सिमाईबाबाच्या घरी दे."

"तूच देऊन ये ना. आईला सांगायला मी जाऊ का?" त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "ती फाटकापाशी उभी असेल. पहाटेपासून तिने फुलं गोळा केलीत, दोघांना पुरतील एवढी."

"मी सांगतो," मी म्हणालो.

वाटेत विहीर लागते. तिथे मी उजवा हात धुतला, कोपरापर्यंत, तीन वेळा. सदऱ्यावर अंगावर असतानाच पाणी ओतलं. डाव्या हाताला रक्त नव्हतं, त्याने फक्त डोळे झाकले होते, म्हणून तो धुतला नाही. त्या तळव्यावर काहीतरी चिकट काळपट लागलं होतं, ते मी पाहिलंही नाही. मी जवळजवळ पळत होतो. सांगायची घाई झाली होती मला. अशा गोष्टीचीही घाई होते माणसाला.

आत्या वाडग्याच्या फाटकापाशीच होती, पायांशी फुलांची टोपली. तिने माझ्या मागे पाहिलं, कुणी काही उचलून आणतंय का ते. मग माझा ओला सदरा पाहिला.

"मेला?"

"मी मारला, आत्या. जाळ्यात नीट सापडला होता. डोळे झाकले होते. तो निपचित पडला, मला वाटलं मरतोय, आणि मी सुरी फिरवली."

"का?"

"हराम होऊ नये म्हणून."

ती म्हणाली, "तुला कोण खायला देणार होतं तो?"

मला वाटलं ती आता ओरडेल, मारेल. लहानपणी तिने मला मारलं आहे. पण ती फाटकाच्या दगडावर बसली आणि टोपलीतली फुलं हाताने चाळायला लागली, त्यात काही निवडायचं असल्यासारखी.

"चौदा महिने मी तिला सांगतेय," ती म्हणाली. "रोज पाला टाकताना सांगते, थांब बाई, आणतील तुझ्यासाठी कुणाला तरी. माणूस एकटं असलं की जनावरांशी बोलतं, हसू नकोस."

"मी हसत नाहीये."

"आता तू जा आत. तू सांग तिला. मला नाही जमणार."

ती काय बोलत होती ते तिलाही कळत होतं, मलाही. जनावराला कुणी काही सांगत नाही. तरी मी टोपली उचलली आणि आत गेलो, कारण तिच्यासमोर उभं राहणं मला शक्य नव्हतं.

भिंतीच्या कडेने ती वाट होती. मी त्या वाटेच्या बाजूला फुलं ओतली आणि निघून यायच्याऐवजी तिथेच खडकावर बसलो. माझे पाय हलत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते, तळवे वर. रडू येत होतं आणि येत नव्हतं. मला वाटलं, आता उठावं, शहरात फोन करावा, डॉक्टरीणबाईंना सांगावं की येऊ नका. पण मी उठलो नाही.

झुडूप हललं नाही, नुसती पानांची सावली थोडी सरकली, आणि मादी समोर होती. दहा पावलांवर. मी राखणदार असून तिला इतकं जवळून कधी पाहिलं नव्हतं. नाक हलत होतं. मला वाटलं फुलांसाठी आली असेल. ती फुलांवरून पुढे आली. एक पाऊल, थांबली, मान लांब केली. आणखी एक पाऊल. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, माझ्या डाव्या हाताकडे होते.

तेव्हा मी माझा तळवा पाहिला. नुंग्याच्या डोळ्यांच्या खाली, नाकाच्या बाजूला, एकेक उभी फट असते. तिच्यातून काळपट चीक येतो. त्याचा आम्हा माणसांना फारसा वास येत नाही. जोडीतले नुंगे समोरासमोर आले की आपला गाल दुसऱ्याच्या गालावर दाबतात, तो चीक एकमेकांना लावतात. आधी एक दाबतो, मग दुसरा. वीस वर्षांपूर्वी मी एका जोडीला तसं करताना पाहिलं होतं आणि त्यांचं लक्ष नाही एवढं बघून जाळं ओढलं होतं.

तिने नाक माझ्या तळव्याला लावलं. नाक थंड होतं. चौदा महिन्यांत तिने पाला टाकणाऱ्या हाताला नाक लावलं नव्हतं. फाटकापाशी आत्या उठून उभी राहिल्याचं मला दिसलं, तिचा हात तोंडावर होता.

मग मादीने मान तिरकी केली आणि डोळ्याखालचा गाल माझ्या हातावर दाबला. जोरात. मग दुसरा गाल. माझा हात ओला झाला. ती दोन पावलं मागे सरली, कान पुढे करून उभी राहिली, आणि हलेना.

आता त्याची पाळी होती. ती वाट बघत होती.